युरोपातील संसदीय सभा : कोणाचे काम कोणते, आणि त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत

‘युरोपच्या संसदेने ठराव केला’ हे वाक्य मराठी बातम्यांत वारंवार येते आणि पुष्कळदा ते अपुरे असते, कारण युरोपात राष्ट्रीय संसदांच्या पलीकडे काम करणाऱ्या संसदीय सभा एकापेक्षा जास्त आहेत. त्यांतली एक कायदे करते, दुसरी न्यायाधीश निवडते, तिसरीचा ठराव कोणावरही बंधनकारक नसतो तरी तिच्या निरीक्षकांच्या शब्दाला निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी मोठे वजन असते. पत्रकारिता, अनुवाद, आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास किंवा स्पर्धा परीक्षा यांपैकी कोणत्याही कारणाने जो या विषयाकडे प्रथमच वळतो आहे, त्याच्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आरंभीच एक गोष्ट मनात पक्की करावी. या सभांनी आपापसांत विषय वाटून घेतलेले नाहीत. युक्रेनवरील आक्रमण, स्त्रियांवरील हिंसा, कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषय एकाच वर्षात यांपैकी अनेक सभांच्या पटलावर येतात. फरक पडतो तो दोन बाबींमुळे : सभेत बसणारा सदस्य तिथे कोणाच्या वतीने बसला आहे, आणि सभेने मत दिल्यावर कोणाला काही करणे भाग पडते. पुढील पायऱ्या याच दोन प्रश्नांभोवती रचल्या आहेत.

पहिली पायरी : सभा नेमकी ओळखावी

चार सभा प्रथम लक्षात ठेवाव्यात. युरोपीय संसद ही युरोपीय संघाची संस्था आहे. तिचे ७२० सदस्य २७ देशांचे नागरिक थेट मतदानाने निवडतात. कौन्सिल ऑफ युरोप ही युरोपीय संघाहून वेगळी आणि जुनी संघटना असून तिचे ४६ सदस्य देश आहेत. तिच्या संसदीय सभेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पेस’ म्हणतात आणि या लेखातही तेच नाव वापरले आहे. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटना, म्हणजे ओएससीई, हिच्यात ५७ देश आहेत. त्यांत अमेरिका, कॅनडा आणि मध्य आशियातील देशही येतात, आणि तिच्या संसदीय सभेचे ३२३ सदस्य आहेत. चौथी नाटोची संसदीय सभा. तिच्यात ३२ देशांचे २८१ प्रतिनिधी बसतात. यांशिवाय नॉर्डिक देशांची, बाल्टिक देशांची आणि बेनेलक्स (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) देशांची अशा प्रादेशिक सभा आहेत, पण नवख्याने त्या नंतर पाहाव्यात.

गोंधळाचे मोठे कारण स्ट्रासबुर्ग हे शहर आहे. पेस तिथेच भरते आणि युरोपीय संसदेची मुख्य अधिवेशनेही तिथेच होतात. इतकेच नव्हे, १९९९ मध्ये स्वतःची इमारत मिळेपर्यंत युरोपीय संसद स्ट्रासबुर्गमध्ये कौन्सिल ऑफ युरोपच्याच सभागृहात बसत होती. निळ्या पार्श्वभूमीवर बारा ताऱ्यांचा ध्वज कौन्सिल ऑफ युरोपने १९५५ मध्ये स्वीकारला, आणि संघाच्या संस्था तोच ध्वज पुढे १९८० च्या दशकात वापरू लागल्या; त्यामुळे छायाचित्रावरून सभा ओळखता येत नाही. सभागृहातील बैठकव्यवस्था मात्र पाहण्यासारखी आहे. युरोपीय संसदेत सदस्य राजकीय गटांनुसार बसतात. पेसमध्ये ते नावाच्या वर्णक्रमाने बसतात, म्हणून ग्रीक समाजवादी सदस्याच्या शेजारी तुर्की पुराणमतवादी सदस्य बसलेला दिसू शकतो. देशाचे शिष्टमंडळ एका ठिकाणी गोळा होऊन बसू नये आणि प्रत्येकाने स्वतःच्या विचाराने मत द्यावे, ही अपेक्षा त्या रचनेतच आहे.

शहरावरून ओळख पटली नाही तर तारीख पाहावी. पेसची अधिवेशने वर्षातून चार वेळा, प्रत्येकी एक आठवडा भरतात. युरोपीय संसद जवळजवळ दर महिन्याला स्ट्रासबुर्गला येते. ओएससीईच्या संसदीय सभेचे सचिवालय कोपनहेगनला असून तिचे वार्षिक अधिवेशन दर वर्षी वेगळ्या शहरात, बहुधा जुलैच्या आरंभी होते. नाटोच्या संसदीय सभेचे सचिवालय ब्रुसेल्सला आहे. बातमीत ‘मंत्रिसमितीला शिफारस’ असे शब्द असतील तर ती बातमी पेसची समजावी; मंत्रिसमिती ही कौन्सिल ऑफ युरोपच्या सदस्य सरकारांची समिती. ‘आयोगाच्या प्रस्तावात दुरुस्ती’ असे असेल तर ती युरोपीय संसदेची; आयोग म्हणजे युरोपीय आयोग, युरोपीय संघाची कार्यकारी संस्था.

दुसरी पायरी : सदस्य कुठून आला ते पाहावे

पेस, ओएससीई आणि नाटो या तिन्ही सभांचे सदस्य आपापल्या देशाच्या संसदेचे खासदार असतात. तिथली संसद त्यांना शिष्टमंडळ म्हणून पाठवते, आणि शिष्टमंडळात सत्ताधारी व विरोधी दोघांनाही जागा मिळावी लागते. भारतीय खासदारांचे शिष्टमंडळ आंतर-संसदीय संघाच्या परिषदेला जाते, तो प्रकार आपल्या ओळखीचा आहे; या सभा त्याच जातीच्या आहेत, पण त्यांचे काम वर्षभर चालते आणि त्यांच्या समित्या कायम असतात. पेसमध्ये ३०६ सदस्य व तितकेच पर्यायी सदस्य आहेत. लहान देशाला दोन जागा मिळतात, तर जर्मनी, फ्रान्स, इटली, ब्रिटन आणि तुर्कस्तान यांना प्रत्येकी अठरा. युरोपीय संसदेचा सदस्य मात्र केवळ युरोपीय संसदेचाच असतो.

हा फरक आधीपासून नव्हता. तो कसा पडला हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण सभांमधले आजचे औपचारिक सहकार्य त्यातूनच उभे राहिले.

कौन्सिल ऑफ युरोपची सल्लागार सभा १० ऑगस्ट १९४९ रोजी स्ट्रासबुर्गला प्रथम भरली. तिचे पहिले अध्यक्ष बेल्जियमचे पॉल-आंरी स्पाक होते. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५२ मध्ये, कोळसा व पोलाद समुदायाची ‘सामाईक सभा’ त्याच शहरात भरली तेव्हा तिच्या अध्यक्षपदीही स्पाक यांचीच निवड झाली. ७८ सदस्यांची ही सभा म्हणजे आजच्या युरोपीय संसदेची पूर्वज. तिच्या स्थापना कराराला जोडलेल्या एका प्रोटोकॉलमध्ये असे सुचवले होते की, या सभेचे सदस्य शक्यतो कौन्सिल ऑफ युरोपच्या सल्लागार सभेतील प्रतिनिधींमधूनच निवडावेत, आणि नव्या सभेने आपल्या कामाचा वार्षिक अहवाल जुन्या सभेला पाठवावा. दोन सभांमध्ये माहितीची देवाणघेवाण व्हावी यासाठी वेगळी समिती नेमण्याऐवजी माणूसच सामाईक ठेवण्याचा हा मार्ग होता.

हाच मार्ग १९५४ मध्ये पश्चिम युरोपीय संघ या संरक्षण संघटनेनेही स्वीकारला. तिच्या करारानुसार सदस्य देशांचे जे प्रतिनिधी कौन्सिल ऑफ युरोपच्या सभेत होते, तेच तिच्याही सभेत बसत. मानवी हक्कांवर स्ट्रासबुर्गमध्ये बोलणारा खासदार संरक्षणावर पॅरिसमध्ये बोले, आणि दोन्ही ठिकाणचे ज्ञान घेऊन आपल्या देशाच्या संसदेत परत जाई.

युरोपीय संसदेच्या बाबतीत ही साखळी दोन टप्प्यांत तुटली. जून १९७९ मध्ये तिची पहिली थेट निवडणूक झाली आणि सदस्य राष्ट्रीय संसदेकडून येण्याऐवजी मतदारांकडून येऊ लागले. तरीही दोन्हीकडे सदस्य राहण्याची मुभा काही काळ होती. २००४ च्या निवडणुकीपासून ती सर्वसाधारणपणे संपली. लोकशाहीच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता, असे माझे मत आहे. पण त्याची किंमत मोजावी लागली. राष्ट्रीय संसदेला ब्रुसेल्समध्ये काय शिजते आहे याची खबर आणणारा स्वतःचा माणूस उरला नाही.

ती उणीव भरून काढण्यासाठी नोव्हेंबर १९८९ मध्ये पॅरिसला ‘कोसॅक’ ही परिषद सुरू झाली. तिच्यात प्रत्येक सदस्य देशाच्या संसदेतील युरोपविषयक समित्यांचे सहा आणि युरोपीय संसदेचे सहा प्रतिनिधी वर्षातून दोनदा भेटतात. यजमानपद त्या सहामाहीत संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद असलेल्या देशाकडे असते. युरोपीय संघाची रचना ठरवणाऱ्या २००९ च्या लिस्बन कराराने राष्ट्रीय संसदांना आणखी एक ठोस अधिकार दिला. आयोगाचा कायद्याचा मसुदा हाती आल्यापासून आठ आठवड्यांत एखादी संसद असा आक्षेप घेऊ शकते की, हे काम राष्ट्रीय पातळीवरच व्हायला हवे. प्रत्येक देशाच्या संसदेला दोन मते आहेत. एक तृतीयांश मते जमली तर आयोगाला मसुद्याचा पुनर्विचार करावा लागतो. याला ‘पिवळे कार्ड’ म्हणतात. २०१२ मध्ये संपाच्या हक्काविषयीच्या, २०१३ मध्ये युरोपीय सरकारी वकील कार्यालयाच्या आणि २०१६ मध्ये परदेशी पाठवलेल्या कामगारांविषयीच्या मसुद्यावर ते दाखवले गेले. पहिला मसुदा आयोगाने मागे घेतला, इतर दोन कायम ठेवले. पुनर्विचाराची सक्ती म्हणजे माघारीची सक्ती नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

पश्चिम युरोपीय संघ २०११ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची सभाही संपली. युरोपीय संघाच्या संरक्षण धोरणावर देखरेख ठेवणारे दुसरे व्यासपीठ हवे होते म्हणून २०१२ पासून परराष्ट्र व संरक्षण धोरणावरील आंतरसंसदीय परिषद सुरू झाली. युरोपोल या पोलीस यंत्रणेवर नजर ठेवणारा, युरोपीय व राष्ट्रीय खासदारांचा संयुक्त गट २०१७ मध्ये त्याच धर्तीवर स्थापन झाला.

तिसरी पायरी : मतदानानंतर कोणाला काय करावे लागते ते तपासावे

युरोपीय संसद ही या चौघींपैकी एकटीच कायदे करणारी आहे. तिलाही कायद्याचा मसुदा स्वतः मांडता येत नाही. तो अधिकार आयोगाचा. पण बहुतेक विषयांत संसद आणि सदस्य सरकारांची मंत्रिपरिषद या दोघींनी समान मसुदा मान्य केल्याशिवाय कायदा होत नाही. अर्थसंकल्पावर तिचा अधिकार आहे, आयोगाच्या अध्यक्षाची निवड ती करते, आणि आंतरराष्ट्रीय करारांपैकी बहुसंख्य महत्त्वाच्या करारांना तिची संमती लागते. याच संसदेचे असेही पुष्कळ ठराव असतात जे कायद्याने कोणावरही बंधनकारक नसतात. त्यामुळे ‘युरोपीय संसदेने मंजूर केले’ एवढे वाचून थांबू नये; जे मंजूर झाले तो कायदा होता, संमती होती की मतप्रदर्शन, हे त्याच बातमीत शोधावे.

पेसच्या कागदपत्रांचे तीन प्रकार आहेत. ‘ठराव’ म्हणजे सभेचे स्वतःचे मत. तो साध्या बहुमताने होतो. ‘शिफारस’ सदस्य सरकारांच्या मंत्रिसमितीला उद्देशून असते. तिला दोन तृतीयांश मते लागतात आणि मंत्रिसमितीने तिला उत्तर द्यावे लागते. ‘अभिप्राय’ हा नव्या देशाचा प्रवेश किंवा नव्या कराराचा मसुदा अशा बाबतीत मंत्रिसमितीने मागितल्यावर दिला जातो. वृत्तांत लिहिताना या तिन्हींना सरसकट ठराव म्हणणे चूक आहे, कारण उत्तर देण्याचे दायित्व एकाच्या बाबतीत असते, दुसऱ्याच्या बाबतीत नसते.

पेसकडे कायदे करण्याचा अधिकार नसला तरी निवडीचा आहे, आणि तो क्षुल्लक नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे न्यायाधीश पेस निवडते. प्रत्येक देश तीन उमेदवारांची यादी पाठवतो, पेसची समिती त्यांच्या मुलाखती घेते, आणि मग सभा गुप्त मतदानाने एकाची नऊ वर्षांसाठी निवड करते. ही मुदत पुन्हा मिळत नाही. यादी समाधानकारक नसेल तर ती परत पाठवता येते. कौन्सिलचे सरचिटणीस आणि मानवी हक्क आयुक्त यांचीही निवड तिथेच होते. शिवाय एखाद्या शिष्टमंडळाची अधिकारपत्रे नाकारण्याचा मार्ग तिच्या हातात आहे. जानेवारी २०२४ मध्ये अझरबैजानच्या बाबतीत तिने तो वापरला.

ओएससीईच्या सभेकडे यांपैकी काहीच नाही. तिची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. मूळ संघटनेत निर्णय सर्वसंमतीने होतात, म्हणून एका देशाच्या नकारामुळे सगळे अडून राहू शकते. संसदीय सभेचे वार्षिक घोषणापत्र मात्र बहुमताने मंजूर होते. सरकारांना जे बोलता येत नाही ते खासदारांना बोलता येते. नाटोच्या सभेचा तर नाटोच्या मूळ करारात उल्लेखच नाही. १९५५ मध्ये खासदारांनी स्वतःहून ती सुरू केली. संरक्षणाचा खर्च अखेर राष्ट्रीय संसदाच मंजूर करतात, आणि तो मंजूर करणाऱ्या खासदारांना युतीच्या गरजांची जाण असावी हे तिचे मुख्य प्रयोजन आहे.

चौथी पायरी : एक विषय आरंभापासून शेवटपर्यंत तपासून पाहावा

नवख्याने एकच विषय घेऊन तो एका सभेकडून दुसरीकडे कसा जातो हे एकदा कागदावर मांडावे. माझ्या मते त्यासाठी स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या इस्तंबूल करारासारखे दुसरे उदाहरण नाही.

स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध २००६ ते २००८ या काळात कौन्सिल ऑफ युरोपने मोहीम चालवली. तिची संसदीय बाजू पेसने सांभाळली. सदस्य देशांच्या संसदांत या विषयावर चर्चा घडवून आणल्या आणि बंधनकारक कराराची मागणी मंत्रिसमितीकडे लावून धरली. २००८ च्या अखेरीस मंत्रिसमितीने तज्ज्ञांच्या गटाला मसुद्याचे काम दिले. सरकारांच्या वाटाघाटी झाल्या, मसुद्यावर पेसने आपला अभिप्राय दिला, आणि ११ मे २०११ रोजी इस्तंबूलमध्ये करार सह्यांसाठी खुला झाला. इथपर्यंत युरोपीय संसदेची औपचारिक भूमिका काहीच नव्हती.

यानंतर काम राष्ट्रीय संसदांकडे गेले, कारण अनुसमर्थन, म्हणजे सही केलेल्या कराराला देशाची अंतिम मान्यता, त्यांच्याशिवाय होत नाही. पेसची रचना इथे उपयोगी पडते : स्ट्रासबुर्गमध्ये कराराची मागणी करणारा खासदार मायदेशी परतून आपल्याच संसदेत त्याच्या अनुसमर्थनासाठी बोलू शकतो. पुरेशी अनुसमर्थने जमून १ ऑगस्ट २०१४ रोजी करार अमलात आला. सगळीकडे मात्र तसे घडले नाही. बल्गेरियाच्या घटना न्यायालयाने २०१८ मध्ये करार घटनेशी विसंगत ठरवला, आणि तुर्कस्तानने तर सही व अनुसमर्थन करूनही २०२१ मध्ये त्यातून अंग काढून घेतले.

तिसरा टप्पा युरोपीय संघाचा. संघाने २०१७ मध्ये सही केली, पण काही सदस्य देशांचा विरोध असल्याने मंत्रिपरिषदेत पुढचे पाऊल पडेना. सर्व देशांची संमती होईपर्यंत थांबणे बंधनकारक आहे काय, असा प्रश्न युरोपीय संसदेने संघाच्या न्यायालयाला विचारला. तसे बंधन नाही, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. १० मे २०२३ रोजी संसदेने संमती दिली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून हा करार संघावर, त्याच्या अधिकारक्षेत्रापुरता, लागू झाला. पुढच्याच वर्षी संघाने स्त्रियांवरील हिंसेविषयी स्वतःचा कायदाही केला. त्याच्या मसुद्यात मात्र युरोपीय संसद पूर्ण सहभागी होती.

म्हणजे मागणी पेसने केली, अनुसमर्थन राष्ट्रीय संसदांनी केले, अडलेला भाग युरोपीय संसदेने मोकळा केला आणि कायदाही तिने केला. देखरेखीच्या बाबतीतही करार खासदारांना विसरत नाही. अंमलबजावणीवर नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञगटाचे अहवाल राष्ट्रीय संसदांकडे जावेत आणि पेसने अंमलबजावणीचा वेळोवेळी आढावा घ्यावा, अशी तरतूद त्यातच आहे.

असाच अभ्यास कृत्रिम बुद्धिमत्तेवर करता येईल. युरोपीय संसदेने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेला कायदा बाजारात येणाऱ्या यंत्रणांना तपशीलवार नियम लावतो. कौन्सिल ऑफ युरोपचा सप्टेंबर २०२४ मध्ये सह्यांसाठी खुला झालेला करार मानवी हक्क व लोकशाही यांची चौकट घालतो, आणि त्यावर युरोपबाहेरील देशांनाही सही करता येते.

पाचवी पायरी : निवडणूक निरीक्षणातील वाटणी समजून घ्यावी

प्रत्यक्ष मैदानावरचे सहकार्य सर्वांत स्पष्टपणे निवडणूक निरीक्षणात दिसते. जॉर्जियात २६ ऑक्टोबर २०२४ रोजी संसदीय निवडणूक झाली तेव्हा चारही सभांची शिष्टमंडळे तिथे होती, आणि त्यांच्याबरोबर ओएससीईचे वॉर्सा येथील लोकशाही संस्था व मानवी हक्क कार्यालय, म्हणजे ओडिर, होते. पाचांनी मिळून एकच निवेदन दिले.

त्यात प्रत्येकाचे काम निराळे असते. ओडिरचे तज्ज्ञ कित्येक आठवडे आधी येतात. मतदारयाद्या, प्रचाराचा खर्च, वृत्तवाहिन्यांवरील वेळ, न्यायालयातील तक्रारी यांचा ते अभ्यास करतात. खासदार मतदानाच्या दोन-चार दिवस आधी पोहोचतात, पक्षनेत्यांना, पत्रकारांना व निवडणूक अधिकाऱ्यांना भेटतात, आणि मतदानाच्या दिवशी दोघादोघांच्या जोड्यांनी केंद्रांवर फिरतात. सकाळी मतपेटी रिकामी दाखवून सील केली जाते तिथपासून रात्रीच्या मोजणीपर्यंत ते पाहतात व प्रत्येक केंद्राचा फॉर्म भरतात. निरीक्षकाला काहीही चुकीचे दिसले तरी त्याने हस्तक्षेप करायचा नसतो, फक्त नोंद करायची असते. दुसऱ्या दिवशी दुपारी संयुक्त पत्रकार परिषद होते. तज्ज्ञाकडे तपशील असतो, पण स्वतः निवडणूक लढवलेला खासदार जेव्हा म्हणतो की उमेदवारांवर दबाव होता, तेव्हा त्या शब्दाला राजकीय अर्थ येतो.

पेसच्या शिष्टमंडळाबरोबर व्हेनिस आयोगाचा, म्हणजे कौन्सिल ऑफ युरोपच्या घटनाविषयक सल्लागार मंडळाचा, कायदेतज्ज्ञ असतो. युरोपीय संसद ओएससीईच्या प्रदेशात संयुक्त पथकात सामील होते. आफ्रिका, आशिया किंवा लॅटिन अमेरिकेत मात्र युरोपीय संघ स्वतःचे पथक पाठवतो आणि त्याचा मुख्य निरीक्षक सामान्यतः युरोपीय संसदेचा सदस्य असतो. ओएससीईची सभा व ओडिर यांच्यात १९९७ चा करार आहे. त्यानुसार अल्पकालीन निरीक्षकांचे नेतृत्व खासदाराकडे दिले जाते.

ही व्यवस्था बिघडली तर काय होते, याचे उदाहरण विसरू नये. अझरबैजानमध्ये ऑक्टोबर २०१३ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर पेस व युरोपीय संसद यांच्या शिष्टमंडळांनी मतदानाची प्रक्रिया मुक्त, निष्पक्ष व पारदर्शक असल्याचे म्हटले. ओडिरने त्याच मतदानात, विशेषतः मोजणीत, गंभीर दोष नोंदवले. दोनच आठवड्यांनी युरोपीय संसदेच्या पूर्ण सभागृहाने आपल्या शिष्टमंडळाचा नव्हे, तर ओडिरचा निष्कर्ष आधाराला घेतला. पुढे पेसने आपल्याच सदस्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची स्वतंत्र चौकशी करवली आणि एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने अझरबैजानशी संबंधित काही सदस्यांबद्दल गंभीर संशय व्यक्त केला. म्हणून निरीक्षणाचा वृत्तांत वाचताना निवेदन संयुक्त आहे की एका शिष्टमंडळाचे, हे पहिल्यांदा पाहावे. अनेक सभांनी एकत्र निवेदन देण्याची पद्धत एका शिष्टमंडळाच्या पक्षपातापासून सगळ्यांचे रक्षण करते, आणि तीच त्या सहकार्याची खरी उपयुक्तता आहे.

सहावी पायरी : लेखी दुवे आणि त्यांच्या मर्यादा

कौन्सिल ऑफ युरोप व युरोपीय संघ यांच्यात २००७ मध्ये सामंजस्य करार झाला. दोन्ही सभांच्या नेत्यांच्या बैठका, समित्यांमधला संपर्क, एकमेकींच्या अहवालांचा वापर हे त्यातले नेहमीचे काम. अधिक महत्त्वाचा दुवा अजून पूर्ण व्हायचा आहे. लिस्बन करारानुसार संघाने स्वतः युरोपीय मानवी हक्क कराराचा पक्षकार व्हायचे आहे. संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पहिला मसुदा अमान्य केला, आणि वाटाघाटी करणाऱ्यांनी २०२३ मध्ये सुधारित मसुद्यावर सहमती केली. तो अमलात आला तर न्यायाधीशांच्या निवडीच्या वेळी युरोपीय संसदेचे शिष्टमंडळ पेसमध्ये बसून मतदान करील, आणि त्याची संख्या सर्वांत मोठ्या देशाच्या शिष्टमंडळाइतकी, म्हणजे अठरा, असेल. १९५२ चा सामाईक सदस्यांचा विचार त्या मर्यादित कामापुरता पुन्हा प्रत्यक्षात येईल.

संकटकाळात ही वाटणी वेगाने चालते. रशियाला कौन्सिल ऑफ युरोपमधून काढावे असा अभिप्राय पेसने १५ मार्च २०२२ रोजी एकमताने दिला आणि मंत्रिसमितीने दुसऱ्याच दिवशी निर्णय घेतला. युक्रेनवरील आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायाधिकरण असावे, ही मागणी पेसने एप्रिल २०२२ मध्ये केली. युरोपीय संसदेने ती जानेवारी २०२३ च्या ठरावात सविस्तर मांडली. आणि २५ जून २०२५ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये युक्रेन व कौन्सिल ऑफ युरोप यांनी त्याच्या करारावर सह्या केल्या. तीन वर्षांच्या या प्रवासात कोणत्याही सभेला सरकारांवर सक्ती करता आली नाही, पण एकीने सोडलेला धागा दुसरीने पकडला.

सातवी पायरी : आपल्याशी येणारा संबंध अचूक वाचावा

गोव्यातील अनेकांकडे पोर्तुगीज नागरिकत्व आहे आणि त्यांतले पुष्कळजण ब्रिटनमध्ये राहतात. पोर्तुगालच्या मतदारयादीत नाव असेल तर त्यांना युरोपीय संसदेसाठी मत देता येते. ब्रिटनने संघ सोडल्यामुळे त्या देशाचे युरोपीय संसदेत आता कोणी नाही. मात्र ब्रिटिश खासदार पेसमध्ये, ओएससीईच्या सभेत आणि नाटोच्या सभेत पूर्वीसारखेच बसतात. स्विंडनमध्ये राहणाऱ्या गोमंतकीय कुटुंबाला ज्या मानवी हक्क न्यायालयाचा आधार आहे, त्याच्या न्यायाधीशांच्या निवडीत त्यांच्या मतदारसंघाचा खासदार कदाचित मत देत असेल.

भारताविषयीच्या बातम्या मात्र मुख्यतः युरोपीय संसदेकडून येतात. जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर तिथे चर्चा झाली आणि मतदान पुढे ढकलले गेले. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी युरोपीय संसदेच्या अध्यक्षांना पत्र लिहून आक्षेप नोंदवला होता. जुलै २०२३ मध्ये मणिपूरवर ठराव झाला आणि भारत सरकारने तो अंतर्गत बाबींतील हस्तक्षेप म्हणून नाकारला. हे दोन्ही प्रकार मतप्रदर्शनाचे होते. त्यांच्यातून भारतावर किंवा युरोपीय आयोगावर कोणतेही कायदेशीर बंधन आले नाही.

व्यापार कराराची गोष्ट निराळी आहे. भारत व युरोपीय संघ यांच्यातील व्यापार कराराला युरोपीय संसदेची संमती लागते, आणि तिच्या नकाराने करार पडू शकतो. म्हणून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापार समितीच्या बैठकांवर लक्ष ठेवावे. शिवाय करारात गुंतवणूक संरक्षणासारखे काही विषय आले तर सदस्य देशांच्या संसदांचे अनुसमर्थनही लागू शकते. कॅनडाबरोबरच्या करारात हेच झाले : बेल्जियममधील वालोनिया या प्रांताच्या संसदेने २०१६ मध्ये सही काही काळ रोखून धरली, युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये संमती दिली, त्याच वर्षी सप्टेंबरपासून करार तात्पुरता लागू झाला, आणि २०२० मध्ये सायप्रसच्या संसदेने त्याला नकार दिला तरीही ती तात्पुरती अंमलबजावणी चालू राहिली.